अभिजात संगीताची जॅझ अरेंजमेंट: लय, पट्टी आणि मूड याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पाश्चात्त्य अभिजात पीस जॅझमध्ये बसवून पाहणारी मंडळी मोजकी, पण प्रश्न विचारणारे भरपूर. कॅम्पात पियानो शिकणारे, पेठांत पेटी वाजवणारे, लॉ कॉलेज रोडच्या बाजूला फिल्म एडिट करत बसलेले. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत. पट्ट्या पेटीच्या हिशेबाने आहेत: पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, आणि तसंच पुढे. मायनर म्हणजे कोमल गांधाराची पट्टी, मेजर म्हणजे शुद्ध गांधाराची.

अमुक पीसच्या जॅझ अरेंजमेंटचा टेम्पो (लय), की (पट्टी) आणि मूड काय, हे एका ओळीत सांगाल का?

मूळ पीसबद्दल विचारलंत तर निम्मं उत्तर एका ओळीत देता येतं. चायकोव्स्कीच्या 'नटक्रॅकर'मधला शुगर प्लम फेअरीचा नाच घ्या: ई मायनर, म्हणजे पांढरी तीन; दोन मात्रांचा ताल; चाल मध्यम, फार रेंगाळायचं नाही. १८९२ सालचा हा बॅले. अमेरिकेतले जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांनी १९६० साली तोच नाच आपल्या बँडसाठी बसवला. सेलेस्टाचा (घंट्यांसारखं वाजणाऱ्या पट्ट्यांच्या वाद्याचा) किणकिणाट गेला, टेनर सॅक्सोफोन आला, ड्रमरने ठेका खाली टॉम-टॉमवर नेला, आणि परी चांगलीच डुलायला लागली. नावही बदलून 'शुगर रम चेरी' झालं. चाल लगेच ओळखू येते, मूड मात्र साफ निराळा.

म्हणजे अरेंजमेंटच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी मूळ कागदावरून उतरवून घेता येत नाहीत, त्या ठरवाव्या लागतात. आणि कुठली आधी ठरवायची, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

मग आधी काय ठरवायचं?

लय. त्यानंतर पट्टी. मूड सगळ्यांत शेवटी, आणि तोही बराचसा पहिल्या गोष्टींतून आपोआप आलेला असतो.

तालमीला येणारे बहुतेक जण उलट्या टोकाने येतात. "जरा उदास करू या" इथून सुरुवात, मग मायनर की कुठली यावर चर्चा, आणि लय जी निघेल ती. अशाने अर्धी तालीम पट्टीच्या वादात जाते आणि ड्रमर मोबाइल बघत बसतो. लय बदलली की बेस (खर्जाचं वाद्य) किती चालणार, सोलोत किती स्वर मावणार, गायिकेला श्वास कुठे मिळणार, सगळंच बदलतं. पट्टी अर्ध्या स्वराने वर-खाली केली तर वादकांची बोटं बदलतात. समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी फारच थोड्यांना ते कळतं.

लय किती ठेवावी? आकडा द्या.

ढोबळ आकडे असे: मिनिटाला ५० ते ७० मात्रा म्हणजे बॅलड, म्हणजे संथ गाणं; १२० ते १६० म्हणजे मध्यम स्विंग, म्हणजे जॅझची झोक्याची चाल; २०० च्या पुढे पळती लय. बोसा नोव्हा, म्हणजे ब्राझीलचा मऊ ठेका, बहुधा १२० ते १५० च्या आसपास. या आकड्यांवर कुणी पहारा देत नाही.

आकड्यापेक्षा एक चाचणी जास्त कामाची आहे. मूळ पीसमधली सगळ्यांत दाट ओळ शोधा, जिथे एका मात्रेत चार-चार स्वर आहेत. ती ओळ ठरवलेल्या लयीत, स्विंगचं वजन ठेवून, तोंडाने म्हणून बघा. जीभ अडखळली की दोन मार्ग उरतात. एक, लय उतरवणं. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: लय तीच ठेवून मात्रेचा हिशेब बदलायचा. बाखचा एखादा पीस ८० ला चालला आहे. त्याच वेगात बेसला १६० ने चालवा. बाखची ओळ जिथल्या तिथे राहते, पण आता मात्रेत चारऐवजी दोनच स्वर येतात आणि ते स्विंग करायला सुटसुटीत पडतात. ज्याने ठाय आणि दुगुन हाताने टाळी देत म्हटली आहे, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. जाक लूसिए या फ्रेंच पियानोवादकाने १९५९ पासून पियानो, डबल बेस आणि ड्रम्स एवढ्याच ऐवजावर बाख वाजवला. त्याची रेकॉर्डिंग ऐकताना पियानो विसरा आणि फक्त बेसवर कान ठेवा. लयीबद्दलचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

आणखी एक गोष्ट: ओळखीची चाल कितीही सावकाश नेता येते, अनोळखी चाल सावकाश केली की विस्कटते. मोझार्टच्या जी मायनर सिम्फनीची, म्हणजे चाळिसाव्या सिम्फनीची, सुरुवात आपल्याकडच्या कानांना पाठ आहे, कारण सलील चौधरींनी ती १९६१ च्या 'छाया'मधल्या गाण्यात वापरली. ती निम्म्या वेगात वाजवली तरी पुण्यातला श्रोता पुढची ओळ मनात म्हणत राहतो. असं दुसरं उदाहरण हाताशी नसेल तर मूळ चालीच्या फार खाली जाऊ नका.

मूळ संगीतकाराने दिलेली लय पाळायला नको का?

त्याने दिली असेल तर विचार करा. मेल्झेलने मेट्रोनोमचं, म्हणजे ठोके देऊन लय दाखवणाऱ्या यंत्राचं, पेटंट १८१५ साली घेतलं. बेटोव्हनने १८१७ साली आपल्या तोवरच्या आठ सिम्फनींचे मेट्रोनोमचे आकडे प्रसिद्ध केले, आणि ते बरोबर की घाईचे यावर वादक आजही भांडतात. बाख त्याआधी, १७५० सालीच गेलेला. त्याच्या नावावर खपवले जाणारे आकडे नंतरच्या संपादकांनी घातलेले असतात.

एक अ‍ॅप लय ६६ दाखवतं, दुसरं १३२. खरं कोणाचं?

दोघांचंही. एकाने मात्रा मोजल्या, दुसऱ्याने त्यांची दुगुन. जॅझमध्ये हा गोंधळ जास्त होतो, कारण चाल निवांत असते आणि बेस तिच्या दुप्पट चालत असतो. अ‍ॅप बाजूला ठेवा, सहज पायाने ताल धरा, पंधरा सेकंदांत किती ठोके पडले ते मोजून चाराने गुणा. ज्या वेगाने पाय आपोआप पडतो तीच वादकांना सांगायची लय. अभिजात पियानोवादकाचं रेकॉर्डिंग मोजत असाल तर एकच आकडा मिळेल ही अपेक्षा सोडा; तो ओळीच्या शेवटी थांबतो, मधे घाई करतो, आणि ते त्याचं कामच आहे.

स्विंग म्हणजे नेमकं किती?

मात्रेचे दोन भाग सारखे न पाडता पहिला लांब, दुसरा आखूड. पुस्तकात २:१ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष ड्रमर मोजले गेले तेव्हा दिसलं की सावकाश लयीत हे प्रमाण ३:१ च्याही पलीकडे जातं आणि खूप जलद लयीत जवळजवळ १:१ होतं. म्हणून संगणकावर "स्विंग ६६ टक्के" लावून सगळे पीस एकाच साच्यात घातले की ते लाकडी वाटतात. भजनी ठेका धरणारा पखवाजी लय चढली की हातातलं वजन कसं बदलतो ते पाहिलंत तर हे लगेच पटेल.

बाखच्या बाबतीत माझं मत असं की स्विंग जरा कमीच ठेवावा. त्याच्या ओळीला आतूनच पुढे ढकलणारी गती असते. त्यावर पुन्हा भरपूर झोका दिला की ती लंगडायला लागते.

तीन मात्रांचा पीस चार मात्रांत बसवावा का?

बसवता येतो, पण सम कुठे ठेवणार ते आधी सांगा.

बेटोव्हनची 'फ्युर एलीझ' घ्या, प्रत्येक पियानो क्लासात वाजणारी. ए मायनर, तीनाचा ताल. सुरुवातीचे ई आणि डी शार्प हे दोन स्वर समेच्या आधीचे आहेत. खरी पहिली सम त्यानंतरच्या ई वर येते, आणि पुढची सम ए वर, जिथे डावा हात पहिल्यांदा बोलतो. चारात बसवणारे बहुतेक जण पहिल्याच ई ला सम देऊन टाकतात. मग तो ए भलत्याच ठिकाणी पडतो आणि सगळी ओळ ढिली होते. त्याऐवजी ए हीच सम धरा आणि त्याच्या आधीचे आठही स्वर मुखड्यासारखे समेवर येऊ द्या. आठ स्वर, दोन-दोन धरले तर चार मात्रा: अख्खं एक आवर्तन मुखडा आणि मग ए वर बँड एकदम आत. हे कानाला इतकं ओळखीचं लागतं की तबलजी मान डोलावतो.

पण सगळंच चारात आणायची गरज नाही. तीनाच्या तालातही जॅझ उत्तम चालतो, आणि ज्याच्या अंगात दादरा मुरला आहे त्या आपल्या वादकांना तो आधी जमतो.

मूळ पट्टी बदलली तर तो पीसचा अपमान नाही का?

विवाल्डीचा चार व्हायोलिन्सचा बी मायनरमधला कॉन्चेर्तो (मुख्य वाद्यांना वाद्यवृंदाची साथ असलेला पीस) बाखने चार हार्पसिकॉर्डसाठी बसवला तेव्हा तो सरळ ए मायनरमध्ये आणला. बाखच्याच तिसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटमधली 'एअर' मूळ डी मेजरची. एकोणिसाव्या शतकात व्हिल्हेल्मी नावाच्या व्हायोलिनवादकाने ती सी मेजरमध्ये खाली आणली, म्हणजे अख्खी चाल व्हायोलिनच्या एकट्या जी तारेवर वाजवता यावी. 'एअर ऑन द जी स्ट्रिंग' हे जगप्रसिद्ध नाव पट्टी बदलल्यामुळेच पडलं. वाद्य बदललं की पट्टी बदलते. उलट १९३७ साली पॅरिसमध्ये एडी साउथ आणि स्तेफान ग्रापेली या दोन व्हायोलिनवादकांनी गिटारवर जँगो राइनहार्टला घेऊन बाखच्या दोन व्हायोलिन्सच्या डी मायनर कॉन्चेर्तोचा पहिला भाग स्विंगमध्ये वाजवला. तिथे व्हायोलिनं व्हायोलिनच राहिली होती, पट्टी हलवायचं कारणच नव्हतं.

मग आमच्या बँडसाठी पट्टी कशी निवडायची?

बँडमध्ये कोणती वाद्यं आहेत ते आधी बघा. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. म्हणून व्हायोलिनसाठी लिहिलेलं पुष्कळ संगीत डी किंवा ए मेजरमध्ये सापडतं. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटवाल्यांचा हिशेब वेगळा. टेनर सॅक्सचा कागद एका स्वराने वर लिहावा लागतो, आल्टोचा त्याहून बराच वर. पियानोवर डी मेजर वाजत असेल तर टेनरच्या कागदावर ई मेजर येतं, चार शार्प. आल्टोच्या कागदावर बी मेजर, पाच शार्प. बिचारा सोलो काय घेणार! तोच पीस अर्धा स्वर चढवून ई फ्लॅटला, म्हणजे काळी दोनला, नेला की टेनरला एफ आणि आल्टोला चक्क सी मिळतो. जॅझची इतकी गाणी फ्लॅटच्या पट्ट्यांत का, याचं एक मोठं कारण हे आहे.

मायनरमध्येही तसंच. शोपँचा ई मायनर प्रील्यूड, म्हणजे पियानोचा छोटा पीस, सॅक्ससाठी जी मायनरला घ्या: टेनरला ए मायनर, आल्टोला ई मायनर. पण बँडमध्ये सॅक्स नसून नुसती गिटार असेल तर ई मायनर सोडू नका, सगळ्यांत खालची मोकळी तार तुमच्या बाजूने आहे.

गायिका म्हणते माझी काळी चार आहे. मग पीस काळी चारलाच घ्यायचा ना?

नाही. आपल्या गाण्यात सा ठरला की गळ्याचा आवाका त्याच्याभोवती बसतो. पाश्चात्त्य चालीत सा कधी मधोमध असतो, कधी तळाशी, कधी चाल त्याला शेवटपर्यंत शिवतच नाही. म्हणून गायिकेला सा विचारू नका. चालीतला सगळ्यांत खालचा आणि सगळ्यांत वरचा स्वर काढा, ते दोन्ही तिला मोकळेपणी लागतात का बघा, आणि त्यावरून पट्टी ठरवा. जॅझ बॅलड सहसा बोलण्याच्या आवाजाजवळ गायला जातो, त्यामुळे तारसप्तकात ताकद दाखवायची हौस इथे थोडी आवरावी लागते. सवाईच्या मंडपात ज्या तार षड्जाला टाळ्या पडतात, तोच माइकच्या चार बोटांवरून फार मोठा लागतो.

प्रत्येक पट्टीचा स्वतःचा मूड असतो हे खरं का?

या समजुतीला जुना आधार आहे. शूबार्ट नावाच्या जर्मन लेखकाने एकेका पट्टीचा स्वभाव लिहून ठेवला, त्याचं पुस्तक १८०६ साली छापलं गेलं. त्या काळी वाद्यं आजच्यासारखी समान अंतरांनी मिळवलेली नसत, त्यामुळे दोन पट्ट्यांतले स्वरांतर खरोखर थोडे वेगळे लागत. आज पियानोवर सगळे अर्धे स्वर सारख्या अंतरावर आहेत. उरतो तो वाद्याचा गुण: मोकळी तार, घुमणारा खर्ज, सॅक्सचा एखादा घोगरा स्वर. भैरव काळी एकला गा नाहीतर पांढरी पाचला, तो भैरवच. इथेही तसंच धरून चाला.

मायनर म्हणजे उदास आणि मेजर म्हणजे आनंदी, एवढं तरी खरं?

एरिक सातीची पहिली 'जिम्नोपेदी', १८८८. पट्टी डी मेजर. वर सूचना काय लिहिली आहे? सावकाश, आणि वेदनेने.

उलट बाजूनेही बघा. शोपँचा ई मायनर प्रील्यूड त्याच्या अंत्यविधीत ऑर्गनवर वाजवला गेला, इतका तो शोकाचा मानला जातो. १९६३ साली जॅझ सॅक्सोफोनवादक जेरी मलिगनने 'नाइट लाइट्स' या अल्बमवर तो बोसाच्या अंगाने वाजवला. मायनर तोच, उतरती चालही तीच, पण खाली ठेका आला आणि शोकाची नुसती हुरहुर झाली. जॅझवाल्यांचा आवडता मायनर तर बऱ्याचदा आपल्या काफी थाटाच्या स्वरांतला असतो, धैवत शुद्ध. त्याला उदास म्हणणाऱ्याने होळीच्या ठुमऱ्या ऐकलेल्या नाहीत.

मग मूड नक्की येतो कशातून?

लयीनंतर सगळ्यांत जास्त बेसमधून आणि कॉर्डमधून, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांतून. शोपँच्या याच प्रील्यूडवर दाखवतो, पेटी किंवा कीबोर्ड समोर असेल तर वाजवून बघा.

ई ला सा धरा. उजव्या हाताची चाल म्हणजे पंचम, कोमल धैवत, परत पंचम. ओळीमागून ओळ जवळपास एवढंच. जे घडतं ते सगळं डाव्या हातात: तीन स्वरांचा कॉर्ड, त्यातला एकेक स्वर अर्ध्या पायरीने खाली घसरतो. आता उजव्या हातात फक्त तो पंचम, म्हणजे बी, धरून ठेवा आणि खालचा कॉर्ड बदलत जा. खाली ई मायनर: बी त्याचा पंचम, स्थिर, थोडा कोरडा. खाली जी मेजर: तोच बी आता गांधार होतो आणि खिडकी उघडते. खाली सी मेजर सेव्हन्थ: बी शुद्ध निषाद झाला, गोड पण टोचणारा. ए मायनर नाइन्थ: बी रिषभ, आणि एकदम धुकं. एफ सेव्हन्थ: बी तीव्र मध्यम, म्हणजे आता काहीतरी घडणार. वरचा स्वर एकच आहे, लय आणि पट्टीला हातही लावलेला नाही. अरेंजरची खरी कमाई इथे असते.

दुसरी जागा बेस. आवर्तनात दोनच स्वर ठेवले तर पीस बसून राहतो; चार केले की चालायला लागतो. पहिली चाल दोनात, सोलो चारात, शेवट पुन्हा दोनात. लयीचा आकडा तसूभर न हलवता तीन मूड मिळतात.

मात्र प्रत्येक कॉर्डमध्ये पाच-सहा स्वर कोंबण्याचा मोह आवरा. सातीच्या त्या जिम्नोपेदीत मुळातच मेजर सेव्हन्थ कॉर्ड आहेत, तिला वरून फोडणीची गरज नाही.

अ‍ॅपने की चुकीची का दाखवली?

सी, ई, जी, ए हे चार स्वर एकत्र वाजले तर त्याला सी सिक्स्थ म्हणा किंवा ए मायनर सेव्हन्थ, दोन्ही बरोबर. फरक बेस कुठे बसला आहे त्याचा. जॅझ अशा कॉर्डांवरच जगतो. त्यामुळे यंत्र ई मायनरला जी मेजर म्हणतं किंवा पाच स्वर पलीकडची पट्टी सांगतं. शेवटचा कॉर्ड आणि शेवटचा बेसचा स्वर ऐका, बहुतेक वेळा तिथे उत्तर मिळतं.

कधी यंत्र बरोबर असतं आणि रेकॉर्डिंगच सरकलेलं असतं. जुन्या वाद्यांवर बाख वाजवणारे पुष्कळ जण ए चा सूर ४४० ऐवजी ४१५ ला मिळवतात, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर खाली. डी मायनरचा पीस तिथे काळी एकवर ऐकू येणारच. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमची पहिली बाजू टेपच्या वेगातल्या फरकामुळे कित्येक वर्षं किंचित चढी विकली जात होती, ती १९९० च्या दशकात सुधारली गेली. तिच्याबरोबर वाजवायला बसलेल्यांनी तोवर स्वतःच्याच वाद्याला दोष दिला असणार.

स्पॉटिफायवर गाण्याच्या मूडचेही आकडे असतात म्हणे. ते वापरावेत?

गाणं किती प्रसन्न वाटतं याचा शून्य ते एक असा आकडा ते काढत आले आहेत. त्यांनी २०१४ साली विकत घेतलेल्या एको नेस्ट कंपनीचं ते तंत्र. नोव्हेंबर २०२४ पासून नव्या अ‍ॅप बनवणाऱ्यांना तो मिळत नाही. हजारो गाण्यांची चाळणी करायला ठीक. तालमीत "प्रसन्नता ०.३ ठेवा" असं ड्रमरला सांगून बघा.

चार्टवर, म्हणजे वादकांच्या कागदावर, मूड कसा लिहावा?

विशेषण लिहू नका, काम लिहा. "गूढ" वाचून पाच वादक पाच गोष्टी करतात. "ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रशेस, बेस दोनात, पियानोचा डावा हात गप्प, चाल ट्रम्पेटला म्यूट लावून" हे वाचून सगळे एकच करतात आणि गूढ आपोआप होतं.

जागेचाही विचार करा. कॅम्पातल्या माझदा हॉलसारख्या ठिकाणी लोक शांत बसून ऐकायला आलेले असतात, तिथे ब्रशचं कुजबुजणं चालतं. कॅफेत कॉफीच्या मशीनशी स्पर्धा असते, तिथे तोच बॅलड दहा-बारा मात्रांनी चढवावा लागतो. आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने नदीकाठी तालमीची जागा घेतली असेल तर बॅलड विसरा. ढोल-पथकांचा सराव सुरू असतो.

सुरुवात आलापासारखी, ठेक्याशिवाय केली तर?

जरूर करा. मूळ पीसमधला ओढा-सोडा जपायची ती सर्वांत चांगली जागा. एकटा पियानो किंवा गिटार, लय मोकळी, मग बेस आत, मग ठेका. फक्त ठेका कोण सुरू करणार आणि कोणत्या खुणेने, हे आधी ठरलेलं असू द्या. अरेंजर गिल एव्हान्सने माइल्स डेव्हिससाठी स्पॅनिश संगीतकार रोद्रीगोच्या 'कोन्सिएर्तो दे आरान्खुएस'चा संथ भाग बसवला, तो १९६० च्या 'स्केचेस ऑफ स्पेन'वर आहे. घाई न करताही पकड कशी ठेवावी, यासाठी तो ऐकावा.

शॉर्ट फिल्मसाठी पीस बरोबर दीड मिनिटात संपवायचा आहे. लय किती?

मात्रा मोजा. बत्तीस आवर्तनं, प्रत्येकी चार मात्रा, एकूण १२८. त्या ९० सेकंदांत बसवायच्या तर मिनिटाला ८५ आणि किंचित वर. शेवटचा सूर विरायला तीन-चार सेकंद हवे असतील तर ८९ धरा. आधीच रेकॉर्ड झालेला पीस ओढून बसवायचा असेल तर जपून: साध्या पद्धतीने वेग सहा टक्के वाढवला की पट्टी अर्ध्या स्वराने चढते, आणि पट्टी धरून ठेवणारं सॉफ्टवेअर वापरलं तर सगळ्यांत आधी झांजांचा आवाज बिघडतो.

हे सगळं रागदारीच्या बंदिशीवर करता येईल का?

इथली उत्तरं बंदिशीला जशीच्या तशी लावू नका. मारव्यात षड्ज जपून, टाळून लावायचा, आणि बेसवाला पहिल्याच मात्रेला तो दणकून देणार; राग तिथेच संपला. कॉर्ड जितके कमी तितकं बरं. सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कोलकात्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर यांचा १९६६ चा 'इंडो-जॅझ स्वीट' ऐका, मग ठरवा.

अभिजात संगीताची ही विटंबना आहे असं आमचे सर म्हणतात.

सरांना बेटोव्हनच्या शेवटच्या, बत्तिसाव्या पियानो सोनाटाचा दुसरा भाग लावून द्या. १८२२ सालचा आहे. त्यातल्या एका व्हेरिएशनला, म्हणजे मूळ चालीच्या बदललेल्या रूपाला, असा झोका आहे की ऐकणारा पाय हलवतोच. सरांच्या पायाकडे बघा.

पहिल्यांदा करतोय. कुठल्या पीसपासून सुरुवात करू?

बाखची 'एअर'. मुळातच खाली बेस पायऱ्या उतरत चाललेला आहे, त्याला जॅझ करायला वेगळं काही सांगावं लागत नाही. बाखच्या काळी साथीदाराला बेसची ओळ आणि वर नुसते आकडे दिलेले असत, कॉर्ड त्याने जागेवर भरायचे. आजचा जॅझ पियानोवादक चार्ट बघून तेच करतो. त्यानंतर शोपँचा प्रील्यूड: पंचवीस आवर्तनांचा आहे, एका बसण्यात होतो. मोठ्या सिम्फनींच्या वाटेला आत्ता जाऊ नका.

परवानगी लागते का?

भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. बाख, बेटोव्हन, शोपँ, चायकोव्स्की, साती मोकळे आहेत. रोद्रीगो १९९९ साली गेला, त्यामुळे त्याचं संगीत २०५९ अखेरपर्यंत मोकळं नाही. अरेंजमेंटचा हक्क मात्र वेगळा असतो. चायकोव्स्कीचा नाच तुम्ही स्वतः बसवा, कुणी अडवणार नाही. 'शुगर रम चेरी' जशीच्या तशी उतरवून वाजवायची असेल तर एलिंग्टन १९७४ साली गेला हे लक्षात ठेवा. कॅफेत किंवा हॉलमध्ये वाजवणार असाल तर सार्वजनिक वादनाचा परवाना जागेच्या मालकाने काढला आहे की तुम्ही काढायचा, हे तारीख पक्की करण्याआधी विचारून घ्या.